पाण्याच्या वाटेसाठी : जुन्या जलविद्युत केंद्रांच्या मालकांना खुले पत्र

प्रति,
डोंगरदऱ्यांतील जुन्या जलविद्युत केंद्रांचे मालक, तेथील अभियंते आणि वारसा समित्यांचे सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

जुने वीजगृह बंद करायचे ठरले की आपल्यापुढे येणारा प्रस्ताव बहुधा एकाच साच्याचा असतो. इमारत दगडी आणि देखणी आहे, ती ठेवायची. एक टर्बाइन घासूनपुसून, रंगवून दाराशी चौथऱ्यावर बसवायचे. डोंगरावरून उतरलेला पेनस्टॉक, म्हणजे पाणी यंत्रापर्यंत आणणारा पाइप, गंजला आहे, तो कापून भंगारात द्यायचा आणि त्या पैशातून छप्पर दुरुस्त करायचे. वरचा बंधारा, जाळी, गाळाचे दार, कालवा यांचा तर प्रस्तावात उल्लेखही नसतो. त्यावर सही करण्याआधी आमचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

जलविद्युत केंद्र ही पाण्याची एक वाट असते. नदी अडवली जाते तिथे ती सुरू होते आणि अवजल, म्हणजे यंत्रातून बाहेर पडलेले पाणी, परत नदीत पडते तिथे संपते. यंत्रघर हा त्या वाटेवरचा मुक्काम. एका सेकंदाला एक घनमीटर पाणी १०० मीटर खाली आणले तर त्यात ९८१ किलोवॉट शक्ती असते. यंत्रांतली घट धरून त्यातले ७८० किलोवॉट हाती लागले तरी उत्तम. हे सगळे त्या १०० मीटरांचे देणे आहे. पाइप तोडला की ते १०० मीटर गेले. मग खाली उरते ते कोणत्याही कारखान्याच्या आवारात शोभेल असे ओतीव लोखंड, आणि ते या दरीतच का उभे केले होते हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही.

दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. नायगारा इथले ॲडम्स केंद्र १८९५ साली सुरू झाले. मोठ्या प्रमाणावर प्रत्यावर्ती वीज करता येते हे जगाला पटले ते तिथे. १९६१ मध्ये ते बंद झाले आणि यंत्रघरे पाडली गेली. आज ट्रान्सफॉर्मरची इमारत उभी आहे आणि प्रवेशद्वाराची दगडी कमान गोट बेटावर नेऊन मांडलेली आहे. कमान सुंदर आहे, पण तिच्यावरून पाणी कुठून आले नि कुठे गेले हे काही समजत नाही. उलट नॉर्वेतील वेमॉर्क. १९११ चे केंद्र, पाणी उतरण्याची उंची सुमारे ३०० मीटर. १९७१ ला बंद झाले, पण यंत्रदालनात यंत्रे जागच्या जागी राहिली आणि मागच्या कड्यावर पाइपही राहिले. तिथे उभ्या माणसाला कोणी काही समजावून सांगावे लागत नाही. मान वर केली की केंद्र कसे चाले ते दिसते. २०१५ साली हा परिसर जागतिक वारसा यादीत गेला, तो धरणे, वीजगृहे, कारखाने आणि वसाहती अशा सलग साखळीसह.

अशा दऱ्यांतच ही विद्या वाढली. लेस्टर पेल्टनने कॅलिफोर्नियातल्या खाणींजवळ पाण्याच्या धारेने फिरणारे दुहेरी वाटीचे चाक घडवले, त्याचे पेटंट १८८० चे. १८९१ मध्ये कोलोराडोच्या एम्स इथे डोंगरातल्या पाण्यावर पेल्टन चाक फिरवून ३,००० व्होल्टची वीज काही किलोमीटरवरच्या सोन्याच्या खाणीला दिली गेली, कारण त्या उंचीवर कोळसा पोचवणे परवडत नव्हते. १८९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिल क्रीक दरीतून रेडलँड्सला तीन फेजची वीज विकली जाऊ लागली. दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगला १८९७ मध्ये ६५ किलोवॉटचे दोन संच बसले. १९०२ मध्ये शिवनसमुद्रची वीज कोलारच्या खाणींपर्यंत गेली. १९१५ मध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर साठवलेले पाणी ५०० मीटरहून अधिक खाली खोपोलीला उतरले आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर चालू लागल्या. या प्रत्येक ठिकाणी अभियंत्यांनी आधी उंची शोधली, मग पाणी, आणि इमारतीची जागा सर्वांत शेवटी ठरली. जतन करताना मात्र आपण नेमके उलटे चालतो.

आता पेनस्टॉकविषयी सविस्तर, कारण सर्वाधिक नुकसान तिथे होते आणि तेही बहुधा अजाणता.

जुने पाइप रिव्हेट मारलेल्या पोलादी पत्र्याचे असतात. जसजसे खाली यावे तसतसा पत्रा जाड होतो. १ मीटर व्यासाच्या पाइपला १०० मीटर पाण्याच्या दाबाखाली, पत्र्यावर ८० मेगापास्कल ताण धरला, तर अखंड पत्रा ६ मिलिमीटर पुरतो. पण रिव्हेटचा सांधा ७० टक्केच बळ घेतो, म्हणून पत्रा ९ मिलिमीटरच्या घरात जातो. माथ्याजवळ दाब नगण्य, म्हणून तिथला पत्रा पातळ असतो आणि सगळे लक्ष खालच्या टोकाकडे असते. घात मात्र वरच्या पातळ भागात होतो. पाइप रिकामा करताना वरचे दार बंद आणि खालचा व्हॉल्व्ह उघडा, अशा वेळी आत हवा शिरली नाही तर पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा पाइप चेपते. हे चेपणे पत्र्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असते. १ मीटर व्यासाचा, पुरता गोल, ६ मिलिमीटर जाडीचा लांब पाइप सुमारे ०.९५ बार बाह्यदाब सोसतो. गंजून तो ४ मिलिमीटर झाला की ०.२८ बारला बसतो, म्हणजे जेमतेम तीन मीटर पाण्याच्या ओढीला. जाडी एक तृतीयांश गेली आणि ताकद सत्तर टक्क्यांनी गेली. त्यातून पाइप थोडा लंबगोल झालेला असेल तर याहूनही आधी.

म्हणून पाइप रिकामा करण्याचा हुकूम देण्याआधी हवेचा नळ पाहून घ्यावा. वरच्या दाराच्या लगेच खाली तो असतो. त्यात पक्ष्यांची घरटी, पाने, गांधीलमाशांची पोळी सापडतात. काही ठिकाणी कोणी दगड टाकतात म्हणून तोंडावर झाकण वेल्ड केलेले असते. तोंडाला जाळी लावावी, झाकण कधीच नाही. स्वयंचलित हवा-व्हॉल्व्ह असेल तर त्याचा चेंडू हाताने खाली ढकलून सुटतो का ते पाहावे. गंजून बसलेला चेंडू नुसता बघून ओळखता येत नाही. मग खालचा व्हॉल्व्ह थोडाच उघडावा, आणि वर एक माणूस हवेच्या नळाशी उभा ठेवावा. नळ हवा ओढत असेल तर आवाज येतो. आवाज थांबला की खालचा व्हॉल्व्ह बंद, आधी कारण शोधायचे.

भरतानाही घाई नको. १ मीटर व्यासाच्या ६०० मीटर पाइपमध्ये ४७० घनमीटर पाणी मावते. सेकंदाला ४० लिटर सोडणाऱ्या बायपासने, म्हणजे मुख्य दाराला वळसा घालणाऱ्या लहान नळाने, ते भरायला सव्वातीन तास लागतात, आणि तेवढे द्यावेतच. मुख्य दार एकदम उचलले तर पाण्यापुढे कोंडलेली हवा दाबली जाते आणि उसळून वर येते. त्या धक्क्याने दाराचे गज वाकतात, सांधे सुटतात.

वॉटर हॅमरचा, म्हणजे वाहते पाणी अचानक थांबल्याने बसणाऱ्या दाबाच्या धक्क्याचा, हिशेबही जुन्या अभियंत्यांना पाठ असे. पाइपमधले पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने चालले आहे आणि ते तत्क्षणी थांबवले, तर सुमारे २०० मीटर पाण्याइतका जादा दाब उठतो. १०० मीटरच्या केंद्रात हा तिप्पट भार झाला. जपानमधील ओइगावा केंद्रात १९५० मध्ये व्हॉल्व्ह अचानक मिटल्याने पाइप खाली फुटला आणि पाणी निसटल्यामुळे वरचा भाग पोकळीने चेपला. एकाच घटनेत दोन्ही प्रकार. पेल्टन चाकाच्या तोंडाशी डिफ्लेक्टर नावाची लहानशी ढाल असते ती यासाठीच. विजेचा भार अचानक गेला की ढाल एक-दोन सेकंदांत धारेत उतरते आणि पाणी चाकावरून वळवते. मग आतली सुई सावकाश, वीस-तीस सेकंद घेऊन, नोझल, म्हणजे धार सोडणारे तोंड, बंद करते. ढालीचा सांधा सुटा करून प्रदर्शनाच्या कपाटात ठेवलेला असेल तर ते यंत्र पुन्हा पाण्यावर घेऊ नये.

पाइपची जाडी अल्ट्रासोनिक मीटरने मोजावी. प्रत्येक छेदावर निदान चार ठिकाणी: माथा, तळ, दोन्ही कुशी. तळाशी आतून गाळ घासतो, म्हणून तिथे पत्रा झिजलेला सापडतो. बाहेरून गंज धरतो तो टेकूच्या खोबणीत, जिथे पावसाचे पाणी आणि पालापाचोळा साठतो, आणि पाइप जमिनीत शिरतो त्या रेषेवर. त्या जागा खरवडल्याशिवाय मोजलेले आकडे दिशाभूल करतात. वरचा रंग मीटरला फसवतो. रिव्हेटमधून पाणी पाझरत असेल तर कॉकिंग करावे, म्हणजे छिन्नीसारख्या बोथट हत्याराने पत्र्याची कड दाबून घ्यावी. वेल्डिंग करू नये. जुन्या पोलादात गंधक आणि फॉस्फरस जास्त असतो, कधी पत्राच घडीव लोखंडाचा असतो. वेल्डच्या उष्णतेने शेजारचे रिव्हेट ढिले होतात आणि जिथे एक गळती होती तिथे सहा होतात.

केंद्र बंद झाल्यावर पाइप भरलेला ठेवावा की रिकामा, यावर आम्हाला नेहमी विचारणा होते. भरलेला पाइप पाण्याच्याच तापमानाला राहतो. रिकामा पाइप उन्हात तापतो: ३० अंशांच्या फरकाने ६०० मीटर पोलाद २१६ मिलिमीटर लांबते. पाइप जागी जखडणाऱ्या काँक्रीट ठोकळ्यांमधल्या प्रसरण-सांध्यांनी इतकी हालचाल आयुष्यात केलेली नसते. पॅकिंग फाटते, टेकू सरकतात. म्हणून जाडी पुरेशी असेल तर भरलेला ठेवून, खालून थोडी धार वाहती ठेवावी. जिथे पाणी गोठते तिथे मात्र उपाय नाही. शरद ऋतूतच पूर्ण निचरा करावा, आणि व्हॉल्व्हच्या पोटातला, नोझलच्या वाकातला शेवटचे पेलाभर पाणीही तळाच्या बुचातून काढावे. ओतीव लोखंड फुटायला तेवढे पुरते. पाइप लाकडी फळ्यांचा असेल तर नियम बरोबर उलटा: तो एक उन्हाळाही कोरडा ठेवू नये. फळ्या आकसतात, पट्ट्या ढिल्या पडतात, आणि नंतर पाणी सोडले तरी तो पूर्वीसारखा मिटत नाही.

यंत्रघरात शिरलो की पहिली गोष्ट: यंत्र एकाच स्थितीत उभे ठेवू नका. बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचे अस्तर असते आणि शाफ्ट त्यावर तेलाच्या थरावर फिरतो. थांबलेल्या शाफ्टखालून तेल हळूहळू पिळून निघते आणि दमट हवेत तिथे गंज धरतो. महिन्यातून एकदा बेअरिंगमध्ये हाताने तेल ओतून, रोटर, म्हणजे यंत्राचा फिरता भाग, पहारीने दीड-पावणेदोन फेरे फिरवावा आणि आधीपेक्षा वेगळ्या जागी थांबवावा. तेलाची कडी शाफ्टबरोबर फिरते का हे वरच्या झाकणातून दिसते. फिरत नसेल तर यंत्र सुरू करू नये, पाच मिनिटांत अस्तर वितळते.

दुसरी गोष्ट वाइंडिंगची, म्हणजे जनित्रातल्या तारांच्या गुंडाळ्यांची. चालू यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते. बंद झाले की दरीतला दमटपणा कापूस, कागद, शेलॅक आणि अभ्रकाच्या जुन्या इन्सुलेशनमध्ये मुरतो. यंत्राच्या पोटात छोटे हीटर किंवा साधे दिवे लावून आतले तापमान बाहेरच्यापेक्षा पाचेक अंश अधिक ठेवले तरी दव धरत नाही. याचा खर्च रंगकामाच्या तुलनेत काहीच नाही, आणि वीजजोडणी तोडण्याच्या उत्साहात नेमका हाच खर्च वाचवला जातो. मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, दर तीन महिन्यांनी मोजावे. जुना ठोकताळा असा की किलोव्होल्टमध्ये एक मिळवावा, तितके मेगओहम तरी हवेत, ३.३ किलोव्होल्टच्या यंत्राला ४.३, तेही ४० अंश तापमानाच्या हिशेबाने. एका मिनिटाचे आणि दहा मिनिटांचे वाचन घेऊन त्यांचे गुणोत्तर काढावे. दीडपेक्षा कमी असेल तर ओल आहे, सुकवल्याशिवाय पुढे जाऊ नये. शंभर वर्षांच्या वाइंडिंगवर उच्च व्होल्टेजची चाचणी घेण्याचा मोह टाळावा. ती चाचणी पास-नापास सांगते. नापास झाले की सांगायला काही उरत नाही. धूळ मऊ ब्रश आणि व्हॅक्युमने काढावी, पाण्याने किंवा द्रावणाने धुऊ नये.

यंत्र पुन्हा फिरवायचे असेल तर वेगाचा हिशेब आधी. १०० मीटर उंचीवर धार सेकंदाला ४४ मीटर वेगाने निघते आणि वाट्या त्याच्या निम्म्याहून जराशा कमी वेगाने पळतात, १.६ मीटरचे चाक मिनिटाला २५० फेरे घेते. भार निसटला आणि ढाल पडली नाही तर चाक पावणेदोनपटीच्या वर पळू शकते, आणि वाट्यांना धरणाऱ्या बोल्टवरचा ओढ तिपटीहून जास्त होतो. म्हणून प्रत्येक वाटी हातोडीने हलके ठोकून नाद ऐकावा. बद्द आवाज आला की तिथे बोल्ट सैल किंवा मुळाशी चीर. चिरेत मुरणाऱ्या रंगद्रव्याच्या चाचणीने खात्री करावी. विजेची वारंवारताही तेव्हा ठिकाणागणिक वेगळी असे: एम्सचे यंत्र १३३ हर्ट्झचे होते, शिवनसमुद्रचे २५ चे, दक्षिण कॅलिफोर्निया १९४८ पर्यंत ५० वर चाले. २५ हर्ट्झचा रोटर दुप्पट वेगाने फिरवून आजच्या ५० हर्ट्झच्या वीजजाळ्याला जोडू, असा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाकारावा: वेग दुप्पट म्हणजे केंद्रोत्सारी भार चौपट. वीज हवी असेल तर त्याच पाइपवर, शाखा काढून, शेजारी छोटा आधुनिक संच बसवावा. तो पाइपमधले पाणी हलते ठेवतो, इमारत कोरडी ठेवतो, आणि जुने यंत्र ठरलेल्या दिवशी बिनभाराने फिरते. पाणी वापरण्याचा परवाना मात्र त्यासाठी जिवंत ठेवावा लागतो. तो एकदा लोपला की परत मिळवणे पाइप परत बांधण्याहून अवघड जाते.

रंगाबद्दल आम्ही जरा कठोर आहोत. वाळूचा मारा करून यंत्र चकचकीत करू नये. जुन्या रंगात शिसे असते. दरीत ती धूळ थेट ओढ्यात जाते. त्याहून वाईट म्हणजे ओतकामाच्या खुणा, जोडाऱ्याने छिन्नीने कोरलेले जोडक्रमांक, तेलाच्या पातळीच्या रेघा सगळे निघून जाते. पितळी पाट्या घासून अक्षरे गुळगुळीत करू नयेत. झिजलेले चाकही बदलून फेकू नये. वाटीच्या मधल्या धारेची झीज गाळातल्या गारगोटीचा हिशेब सांगते, आणि वाटीच्या ओठाला खाच आहे की नाही यावरून चाक कोणत्या पिढीचे ते कळते. ती खाच १९०० च्या आसपास रूढ झाली. तपासणीशिवाय जुन्या तेलाला, स्विचमधली ठिणगी विझवणाऱ्या आर्क-पेट्यांना, पाइपवरच्या वेष्टनाला हात लावू नये. त्यांत पीसीबी हे विषारी रसायन, ॲसबेस्टस, आणि काही स्विचांत पारा असतो.

सुटे करावेच लागले तर प्रत्येक भागाला धातूची पट्टी बांधून क्रमांक, आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात परत. बेअरिंगच्या पायाखालच्या शिम पट्ट्यांची जाडी व जागा लिहून ठेवा. पत्र्याच्या त्या चिटोऱ्या कचरा समजून टाकल्या जातात, आणि शाफ्टची सरळ रेषा त्यांच्यावरच तोललेली असते.

कागदांचे तर काय सांगावे. रोजनिशीची पुस्तके, कापडावरचे नकाशे, यंत्राचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरच्या जुळणीच्या नोंदी हे कोणत्या तरी फडताळात असते आणि बंद होण्याच्या आठवड्यातच रद्दीत जाते. यंत्रघर अवजलाच्या काठी, म्हणजे पुराच्या वाटेवर असते. कागद पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावर न्यावेत. नकाशे लॅमिनेट करू नयेत, सपाट ठेवून छायाचित्रे घ्यावीत. आणि जे कर्मचारी अजून आहेत त्यांच्याकडून सुरू करण्याचा नि थांबवण्याचा क्रम लिहून घ्यावा: कोणता व्हॉल्व्ह किती फेरे, कोणता आवाज आल्यावर थांबायचे. हे कोणत्याही नकाशावर नसते.

नदीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. बंधारा आणि अवजल यांच्या मधला पात्राचा तुकडा या केंद्रांनी वर्षानुवर्षे कोरडा पाडला. जतनाच्या नावाखाली ते चालू ठेवा असे आमचे म्हणणे नाही. बंधाऱ्यातून ठरावीक प्रवाह सतत सोडावा, जाळीचे गज माशांचा विचार करून बसवावेत, आणि गाळाचे दार पाणी चढलेले असतानाच उघडावे. ओढा आटलेला असताना उघडले तर साचलेला गाळ खालची कुंडे बुजवतो. अवजलाच्या तोंडाशी भोंगा हवा. यंत्र सुरू होताना तिथे पाणी अचानक वाढते आणि दरीत भेट देणारे लोक नेमके तिथेच बसलेले असतात.

आमची मागणी यातून निघते आणि ती लहान आहे. बंद करण्याच्या आदेशासोबत बंधाऱ्यापासून अवजलापर्यंतची संपूर्ण वाट एकच मालमत्ता म्हणून नोंदवावी. पहिले वर्षभर हीटरची जोडणी, महिन्याचा रोटर फिरवण्याचा फेरा आणि हवेच्या नळाची पाहणी यांसाठी दोन माणसे कामावर ठेवावीत. त्या वर्षात पाइपची जाडी मोजून अहवाल जाहीर करावा. पेनस्टॉक कापण्याची निविदा तो अहवाल येईपर्यंत काढू नये. निघालेली असेल तर तिची तारीख पुढे ढकलावी.

आपले,
जुन्या जलविद्युत यंत्रांच्या देखभालीत असलेले तंत्रज्ञ